धाकटीला ऊन लागलं तो दिवस

आमची माय नाकाडोंगरीला होती तोवर काडीसारखी होती. जंगलाच्या कडेला घर, पाणी टेकडीखाली, सरपण टेकडीवर. उभा दिवस तिची चढ-उतार चालायची. बाबा गेल्यावर तिला एकटीला ठेवायला नको म्हणून मी तिला भंडाऱ्याला माझ्याकडे आणलं.

माझं सासर विणकरांचं. घरात कोशाच्या रेशमाचे माग होते. मागावर पुरुष बसायचे, आम्ही बायका भिंतीला टेकून धाग्याच्या कांड्या भरायचो. मायही माझ्याशेजारी बसायला लागली. आमच्या गल्लीत उन्हाळाभर दुपारी कोणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. खिडक्यांना ओली पोती लावायची, अंधार करायचा, भात जेवायचा आणि आडवं व्हायचं. संध्याकाळीसुद्धा भिंती तापलेल्या असतात, म्हणून रात्री अंगणात खाटा. चालायचं कधी आणि कुठे? काही उन्हाळे असेच गेले आणि मायचं अंग भरत गेलं. हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, त्या कापून काढाव्या लागल्या. शेजारणी म्हणायच्या, लेकीच्या घरी मानवलं बाईला. मलाही बरं वाटायचं.

मग एका सकाळी तिनं चहाची कपबशी हातात घेतली आणि चहा तिच्या पदरावर सांडत राहिला. तिला ते कळत नव्हतं. तोंड एका बाजूला गेलं होतं. लकवा. त्यानंतर ती खाटेवरून उठलीच नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात गेली.

तेव्हापासून माझ्या मनात भीती बसली. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. आमचे माग कमी होत होते. पुढच्या खोलीत आम्ही साड्यांचं दुकान टाकलं होतं आणि मी दिवसभर गादीवर बसून असायची. डॉक्टरांनी बीपी सांगितलं, वजन कमी करा म्हणाले. मी गोळी घ्यायची, आणि रोज सकाळी तोंड धुतलं की आरशासमोर उभी राहून हसायची. तोंडाचे दोन्ही कोपरे वर जातात का ते पाहायला. कोणी बघितलं तर वेडी म्हणेल म्हणून दार लावून घ्यायची. माझे हात आता हुबेहूब मायच्या शेवटच्या दिवसांतल्या हातांसारखे दिसायला लागले होते. बोटांवर खळ्या, मनगटावर घडी.

धाकटी बहीण दिघोरीला दिलेली. ती मला बाई म्हणते, थोरलीला आमच्याकडे म्हणतात तसं. तिच्या घरी धानाची शेती. आम्ही दोघी एकाच मायच्या, लहानपणी एकीचा झंपर दुसरीला व्हायचा. आता ती माझ्या पदराआड लपली असती इतकी बारीक राहिली होती. मला वाटायचं, आपल्या दोघींत जगणार ती. मी तिला निरोप धाडला आणि वैशाखात तिच्याकडे राहायला गेले. तिच्यासारखं उठायचं, तिच्यासारखं चालायचं, थोडे दिवस तरी.

पहिल्याच पहाटे तिनं मला तलावाच्या पाळीवर नेलं. ती पुढे, मी मागे. अर्ध्या पाळीवर माझ्या कानात ठोके पडायला लागले. मी खाली बसले.

"बाई, तुले एवढा दम काहून लागते वं?" ती हसत म्हणाली. "आमच्या गावची म्हातारी तुह्यापेक्षा जोरात चालते."

"मायसारखं होईल मले," मी म्हणाले.

तिचं हसू गेलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझा श्वास खाली बसेपर्यंत तो तसाच राहू दिला. उठताना मात्र तिनंच माझ्या खांद्याचा आधार घेतला. डोळ्यापुढे अंधारी आली म्हणाली, उपाशीपोटी होते तसं. मी त्यावर विचार केला नाही. मला माझ्याच जिवाची पडली होती.

कालव्याचं पाणी मिळायचं म्हणून तिच्या घरी उन्हाळी धान होता. कापून बांध्यांमध्ये, शेताच्या वाफ्यांत, पसरलेला होता. आदल्या सांजेला आभाळ भरून आलं, दूर गडगडलं. पाऊस पडला नाही, पण सगळं गाव रात्रभर झोपलं नाही. कापलेल्या धानावर पाणी पडलं तर सगळंच जातं. सकाळी मजूर बाया आल्या नाहीत, शेजारच्या गावात लग्न होतं. धाकटीचा नवरा ट्रॅक्टर बघायला गेला. ती मला म्हणाली, "तू घरीच राह्य. मी पेंढ्या बांधून येऊन राहिली."

मी घरी राहिले नाही. तिच्यासारखं राहायला आले होते ना!

पहिला प्रहर बरा गेला. ती कंबरेत वाकायची, धान गोळा करायची, गुडघ्याखाली दाबून गाठ मारायची आणि पुढे सरकायची. मीही करून पाहिलं. थोड्या वेळातच माझं पोट आड यायला लागलं, घाम डोळ्यात उतरला. सूर्य वर आला तशी हवा जड झाली. आभाळ दमट होतं, वारा पडलेला. अंगावरचा घाम वाळेचना. छातीत धडधड सुरू झाली तशी मी शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले, डोक्यावरून पाणी ओतलं आणि मनात देवाचं नाव घ्यायला लागले. मला खात्री होती की आज माझं काही खरं नाही.

"ये ना वं सावलीत!" मी तिला हाक मारली.

"एवढी बांधी होऊ दे," ती वाकलेलीच म्हणाली.

ती बांधी झाली, ती दुसरीत उतरली. मी पुन्हा हाक मारली. तिनं फक्त हात हलवला. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ती सरळ उभी राहिली, माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "माय, पाणी आणलं का वं खालून?"

ती थट्टा करत नव्हती. तिच्या डोळ्यांत मी नव्हतेच. मी उठून जाईपर्यंत ती दोन पावलं भलतीकडे चालली आणि बसली, मग कलंडली.

तिच्या कपाळाला हात लावला तर तवा. आणि घाम नाही. माझ्या अंगावरून पाणी वाहत होतं आणि तिची कातडी कोरडी. मी तिला उचलायला गेले. एवढीशी ती, मला उचलली नाही. काखेत हात घालून ओढत ओढत सावलीत आणली. कळशीतलं उरलेलं पाणी तिच्या डोक्यावर, छातीवर ओतलं, पदर भिजवून तिच्या अंगावरून फिरवला. ती काहीतरी पुटपुटत होती. नाकाडोंगरीची टेकडी, शेळी, असलं काहीतरी. मग तेही थांबलं. श्वास मात्र भराभर चालला होता.

मी ओरडले. पुष्कळ ओरडले. उन्हात कोण असणार? कालव्याच्या वाटेवर लांब एक ट्रॅक्टर उभा दिसत होता, माणसं मुंग्यांएवढी. तिला टाकून जावं तर माझ्या माघारी तिचा श्वास थांबला तर? न जावं तर माझ्या डोळ्यांदेखत थांबेल. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते मायचं तोंड होतं, आजारपणाआधीचं, नाकाडोंगरीचं. मी उठून पळाले.

पळाले म्हणते, पण ते पळणं नव्हतं. धुरे अरुंद, माझा पाय घसरून मी बांधीत पडले, धसकटांनी तळहात सोलून निघाले. पुन्हा उठले. कानात ठोके, डोळ्यापुढे पिवळं पिवळं. मध्येच वाटलं की माझं तोंड वाकडं होत आहे, म्हणून मी हातानं गाल चाचपला, भर शेतात, उन्हात. मी इथे पडले तर दोघी जाऊ, आणि संध्याकाळपर्यंत कोणाला कळणारही नाही. एवढंच डोक्यात घुमत होतं. आवाज फुटत नव्हता म्हणून मी पदर सोडून हलवायला लागले.

त्या माणसांनी पाहिलं. त्यांत धाकटीचा नवराही होता. माझ्या तोंडून फक्त "धाकटी, मोहाखाली" एवढंच निघालं. ते पुढे धावले. मी मागून आले तोवर त्यांनी तिला ट्रॉलीत घेतलं होतं. कालव्यात पोती बुडवून तिच्यावर टाकली, दवाखान्यापर्यंत कोणी पाणी शिंपडत होतं, कोणी टॉवेलनं वारा घालत होतं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. गावातून धावत आलेल्या तिच्या जावा रडत होत्या त्या मागे राहिल्या. जवाई, तिचा नवरा, तिच्या पायाचे तळवे चोळत राहिला.

दवाखान्यात नर्स धावत बाहेर आली आणि तिनं माझाच दंड धरला. "तुम्ही इकडे झोपा, बाई."

"मी नाही," मी म्हणाले. "ही."

नर्सनं धाकटीकडे पाहिलं आणि मग तिची घाई मी कधी विसरणार नाही. सलाइन लागलं, काखेत, मानेवर ओले कपडे. आम्हाला बाहेर काढलं. व्हरांड्यात बसून जवाई म्हणाला, "बाई, ते तं कधी आजारी पडत नाही." दोन-तीनदा तेच म्हणाला.

दुपार कलली तशी ती शुद्धीवर आली. मला ओळखलं, पण शब्द जड येत होते. लकवा की काय? डॉक्टर तरुण होते. म्हणाले, लकवा नाही, उन्हानं झालं आहे, हळूहळू जाईल. मग त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून मला दाखवली. पांढरीफटक.

"हिच्या अंगात रक्तच नाही. बारीक आहे म्हणून तुम्ही सगळे समजून राहिले होते की तब्येत चांगली आहे?"

"हो," मी म्हणाले. "मी तं हिच्यासारखी होण्यासाठी आली होती."

ते हसले नाहीत. त्यांनी माझंही बीपी बघितलं आणि मान हलवली. "ऊन दोघींचं एकच आहे. तुम्ही त्याच्यापासून लपून घरात बसता, ही त्याच्यात राबून अंग जाळते. आणि ताटात दोघींच्या भातच. तुमच्या अंगावर चढते, हिच्या अंगाला पुरत नाही. डाळ, भाजी, अंडं काही पाहिजे की नाही?"

"मग आम्ही कसं राहायचं?" मी विचारलं. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"ऊन व्हायच्या आत तुम्ही चाला. ऊन झाल्यावर हिला शेतात ठेवू नका. मला आणखी वेगळं काही सांगता येत नाही," ते म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. त्या दिवशी तिथं ऊन लागलेली आणखीही माणसं होती.

ती सुटल्यावर उरलेला उन्हाळा मी तिला भंडाऱ्याला आणली. जवाईनंच सांगितलं, इथे राहिली तर ती ऐकणार नाही. मी तिला कूलरसमोर झोपवली. रक्ताच्या गोळ्या, वरण, मेथी, अंडी, सगळं तिच्या मागे लागून खाऊ घातलं. बोलणं सुधारलं. गालांवर रंग आला. शेजारीण आली आणि तिच्याकडे पाहून म्हणाली, "बहिणीच्या घरी मानवलं हो हिला."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. त्या खोलीत, त्याच भिंतीला टेकून धाकटी कांड्या भरायला बसली होती. मायच्या जागेवर. मला एकदम तिथून तिला उचलून बाहेर न्यावंसं वाटलं. त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, आपल्या घरातच काही आहे का हो? ते म्हणाले, घरात काय असणार, आपण बसून खातो, एवढंच आहे. ते बोलले ते सरळच होतं, पण मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला पहाटे उठवायला लागले. अंधुक असतानाच आम्ही नदीकडे जायचो. आता ती हळू चालायची आणि मीही, त्यामुळे दोघींचं जमायचं. रस्त्यावर बाया दिसत नसत तेव्हा. कोणी दार उघडून बघे की या दोघी एवढ्या सकाळी कुठे निघाल्या, कोणाचं काही झालं का. तिला तेलाचा वास सोसेना म्हणून मी भजी बंद केली, ती असेपर्यंत म्हणून बंद केलेली ती नंतरही सुरू झाली नाहीत.

आर्द्राचा पाऊस लागला आणि ती दिघोरीला परत गेली. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायचे होते, तिला थांबवणं शक्य नव्हतं. घरच्यांनी पुढे उन्हाळी धान थोडाच ठेवला आणि सकाळच्या सकाळी उरकायला लागले. तिचं रक्त वाढलं, पुन्हा कमी झालं, पुन्हा वाढवलं. माझं वजन थोडं उतरलं, सगळं नाही. गोळी सुरूच आहे. चालायला जाणाऱ्या आता गल्लीत आम्ही चौघी झालो आहोत.

भीती मात्र गेली नाही. ती फक्त दोन जागी वाटली गेली. पुढे दोघींच्या हातात फोन आले. वैशाख लागला की ऊन तापायच्या वेळेला मी तिला फोन लावते. पलीकडे घंटी वाजत राहते तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो.

"घरी आलीस का?"

"आली. आताच पाय धुतले. तू चालून आली का?"

"आली."

"खोटं नको सांगू, बाई."

"आली वं. विचार घरच्यांले."

मग ती हसते, आणि मी फोन ठेवून दुकान उघडायला जाते.