न मिटणारा चाकू

आमच्या ग्रुपचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, तरी ते साठत जातात. अडचण एवढीच की सांगणारा मी आहे, आणि माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही. शिंदे म्हणतात, चाकूचा पहिला प्रकार औंधच्या बाजूच्या डोंगरावर घडला. मला वाटतं, कराडजवळच्या. कांदा मात्र नक्की होता!

आम्ही तिघं. मी धातुशास्त्राचा रिटायर्ड प्रोफेसर, मुक्काम सांगलीतलं विश्रामबाग. शेजारचे शिंदे बँकेतून रिटायर्ड, पण तोंड अजून सर्व्हिसमध्ये. आणि कराडजवळच्या गावचे नाना, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आता ऊस बघतात. रविवारी एखादा डोंगर चढायचा, माथ्यावर तीन दगडांची चूल मांडायची आणि नानांनी भरीत करायचं, हा आमचा शिरस्ता.

त्या रविवारी कांदा चिरताना घडीच्या चाकूने नानांचं बोट कापलं. "लॉक सुटलं, पातं मिटलं," एवढंच ते म्हणाले. रुमाल बांधून खाली उतरले आणि पुढच्या रविवारी आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही.

मी फोन केला.

"घडीच्या चाकूवर आता भरवसा न्हाई, सर. आन् चाकूबिगर वर येऊन मी काय करू? टाळ्या वाजवू?"

तेव्हाच मी ठरवलं. बिजागरीच नसलेला, दणकट आणि परवडणारा चाकू शोधायचा आणि नानांना परत डोंगरावर न्यायचं. आयुष्यात इतक्या ठामपणे मी फार कमी गोष्टी ठरवल्या आहेत.

*

जन्मभर पोलाद शिकवलं, तेव्हा निवड सोपी जाईल असं सगळ्यांना वाटलं. उलट झालं! कार्बन स्टील धार छान धरतं, पण गंजतं. स्टेनलेस गंजत नाही, पण स्वस्तातलं लवकर बोथट होतं. पातं जाड घ्यावं तर कांदा चिरण्याऐवजी फुटतो, पातळ घ्यावं तर लाकडाला लावायची भीती. मी व्हिडिओ बघत होतो, झोपेत स्टीलचे ग्रेड बडबडत होतो.

एकदा शिंदे चहाला आले. वैतागून म्हणाले, "सर, मुलीला स्थळ बघताना तरी एवढी चौकशी केली होती का?"

आतून हिचा आवाज आला, "केली असती तर बरं झालं असतं!"

*

कराडच्या बाजारात नाना आमच्याबरोबर आले. "बाजारात येतो. डोंगराचं मागनं बघू," म्हणाले.

पहिल्या दुकानदाराने सिनेमात शोभेल असा चाकू काढला. पात्याच्या पाठीवर करवत, पोकळ मुठीत काडेपेटी, सुईदोरा आणि मासे धरायचा गळ, मुठीच्या टोकाला होकायंत्र!

"यात भाकरी बी भाजून मिळती का?" नानांनी विचारलं.

मी मुद्द्यावर आलो. "मूठ आतून पोकळ आहे. मग पातं धरलंय कशाने?"

दुकानदाराने चाकू उलटासुलटा करून पाहिला. "धरलंय की! आजपर्यंत कुणाची तक्रार न्हाई."

होकायंत्राची सुई शांतपणे दुकानाच्या दाराकडे बोट दाखवत होती. आम्ही त्या दिशेने निघालो.

*

बाहेर चहा घेतला. नानांनी नेहमीसारखा अर्धाच कप मागितला. "भरल्याला कप मला चालत न्हाई."

शिंदे सोडतात होय! "बघा सर, ऊसवाला माणूस साखरेला भितोय!"

नाना हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, स्टील तुमी बघा. मूठ तेवढी जाड बघा. आन् खरबरीत."

*

तसा चाकू शेवटी शेतीच्या अवजारांच्या दुकानात मिळाला. दिसायला अगदी गरीब. पण पातं मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेलं, पाठ भक्कम, रबरी खरबरीत मूठ, बोट पुढे सरकू नये म्हणून उंचवटा. आम्हा तिघांच्या एका जेवणाच्या बिलात बसणारा.

मी घेतला. घरी आलो आणि लगेच शंका आली. बिल्डिंगमागे बाभळीचं लाकूड उभं केलं, त्यावर पातं ठेवलं आणि पाठीवर ओंडक्याने दणके घालायला लागलो. लाकूड दुभंगलं, चाकूला काही नाही. वर बघतो तर सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या!

सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. माझ्याशी न बोलता हिला विचारलं, "वहिनी, सगळं ठीक आहे ना?"

"चाकू ठीक आहे," ही म्हणाली. "यांचं सांगता येत नाही."

*

नानांकडे निघालो तर सांगलीच्या स्टँडवर हवालदाराने पिशवी उघडली.

"चाकू कशाला?"

"कांद्याला," मी घाबरून म्हणालो.

"कांदा कुठाय?"

"नानांकडे."

"आणि नाना कुठायत?"

शिंदे म्हणाले, "साहेब, तिथंच तर सगळं अडलंय! ते डोंगरावर यायला तयार नाहीत."

हवालदाराने चाकू म्यानात घातला. "जावा. आणा त्यांना."

*

नानांच्या घरी मी चाकू पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतला.

"हातात देऊ नका, सर. भांडान हुतं. खाली ठिवा."

मी कट्ट्यावर ठेवला. नानांनी उचलला, मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. बराच वेळ.

"येताय ना रविवारी?" माझा आवाज उगीचच चढला होता.

"कांदं कुनी आनायचं?" नाना म्हणाले.

त्या रविवारी माथ्यावर नानांनी कांदा चिरला. फार सावकाश.

"नाना, कांदा चिरताय का त्यावर नाव कोरताय?" शिंदे म्हणाले.

"घाई आसंल तर कच्चा खावा, गड्या!"

त्यानंतर कितीतरी रविवार ते भरीत आम्ही खाल्लं.

*

पुढे माझे गुडघे गेले आणि डोंगर सुटला. काही वर्षांनी नानांच्या घरी बसलो होतो. वहिनी चहा करत होत्या. खिडकीत तो जुना घडीचा चाकू पडलेला दिसला. जुनी सवय, उचलला. पातं उघडलं. खट्ट!

पात्याची पाठ खिडकीच्या दगडावर टेकवली आणि मुठीवर जोर दिला. मग दोन्ही हातांनी. मग अंगाचा सगळा भार टाकला. नाना बघत होते. वहिनींनी त्यांचा अर्धा कप त्यांच्यापुढे खाली ठेवला. नानांनी तो दोन्ही हातांनी धरून सावकाश उचलला.

डोंगर कोणता होता, ते मला आजही सांगता येणार नाही. पण हा विषय माझा आहे, आणि मी तीनतीनदा तपासलं. लॉक पक्कं होतं.