समोरचीचे चार पंखे

यंत्र वर उठायच्या ऐवजी पालथं पडलं, गवत कापत गरगर फिरलं आणि उसळून माझ्या नडगीवर आलं. निऱ्या फाटल्या, रक्ताची धार लागली. समोरची दहा पावलांवर खुर्चीत बसलेली होती. डोळ्यांवर डब्याएवढा चष्मा. यंत्राच्या कॅमेऱ्याला जे दिसतं तेवढंच तिला त्यात दिसतं. ती किंचाळली, "बाप्पा! मले तर तुहं तोंड दिसून राहिलं वं!"

अख्ख्या नागपुरात समोरचीएवढी हट्टी बाई दुसरी नाही. समोरची म्हणजे माझ्या दारासमोर राहते ती. चाळीस वर्षं झाली. नवरा रेडिओ दुरुस्त करायचा, त्याच्याजवळ बसून ही सोल्डरिंग शिकली. नवरा गेला, रेडिओ गेले, सोल्डरिंगचा हात तेवढा राहिला. सदुसष्टाव्या वर्षी तिनं मोबाइलवर पोरांना शर्यतीचे ड्रोन उडवताना पाहिलं आणि मला म्हणाली, "हे मले जमते." मी म्हटलं, "तुले सायकल येत नाही." तर म्हणते, "सायकलीत सोल्डरिंग कुठी असते?"

मग तिच्या घरात कशाला जागा राहिली नाही. पाटावर मोटरी, परातीत वायरी, आणि सांडशीत धरलेली टिकलीएवढी सर्किटची पट्टी. नवीन जोडलेल्या यंत्राला ती बॅटरी थेट लावत नसे, मध्ये स्कूटरचा बल्ब लावायची. बल्ब पेटून राहिला की समजायचं आत कुठेतरी तार तारेला टेकली आहे. रेडिओच्या दुकानातली ही युक्ती. आधी महिनाभर तर ती संगणकावर खोटं खोटंच उडवत होती. खेळातलं यंत्र डावीकडे वळलं की ही सोफ्यावर डावीकडे झुकायची. दोनदा खाली पडली. दूध तर रोज उतू जायचं. मी हाक मारली की म्हणायची, "थांब वं, मी हवेत हाओ." शर्यतीत यंत्र कमानींतून काढावं लागतं, म्हणून इतवारी बाजारातून चाळणीच्या मोठ्या कडा आणल्या आणि त्यांना माझं जुनं लुगडं फाडून गुंडाळलं. मला विचारलं, पण फाडल्यावर.

एक नियम मात्र पक्का. पंखे घरात लावायचे नाहीत. बॅटरी जोडताना पंखा चालू झाला तर बोट जाईल. चार पंखे बडीशेपेच्या डबीत ठेवायचे आणि मैदानावर शेवटी तिनंच, स्वतःच्या हातानं लावायचे.

हे सगळं चाललं असतं. माझा जीव जळला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. दुपारी चारचा चहा आम्ही चाळीस वर्षं एकत्र घेतला, एक दिवस माझ्या ओट्यावर, एक दिवस तिच्या. आता चारला तिच्या ओट्यावर मिहानातल्या एका कंपनीत नोकरी करणारी एक पोरगी येऊन बसू लागली. तीही ड्रोन उडवते. दोघी काय बोलायच्या ते मला एक अक्षर कळायचं नाही. समोरचीही माझ्यासारखी चौथीच शिकलेली, पण तिला कळायचं. पोरगी मला गोड आवाजात म्हणायची, "मावशी, तुम्हाला बोर होत असेल ना?" मी जळले. खोटं कशाला लिहू.

शहरात विमानतळ जवळ, कुठंही उडवता येत नाही. म्हणून पहिलं खरं उड्डाण समोरचीच्या भावाच्या काटोलच्या बगीच्यात ठरलं. संत्र्याच्या दोन रांगांमध्ये कमानी टांगल्या, माझ्या लुगड्याच्या. त्या दोघी कमानी सरळ करायला गेल्या. यंत्र माझ्यापाशी, डबीही माझ्यापाशी. मी पंखे लावले. मलाही काही येतं हे त्या पोरीला दाखवायचं होतं. पंखे दोन प्रकारचे होते. एकसारखे दोन मी एका बाजूला लावले, दुसरे दोन दुसऱ्या बाजूला, पंगतीत पानं मांडतो तसे नीट. त्या दोघी परत आल्या. समोरचीला वाटलं घाईत नियम मोडून पोरीनं लावले, पोरीला वाटलं समोरचीनं. मी गप्प बसले. पुढचं वर लिहिलंच आहे.

पंख्यांचा चुरा झाला, त्यामुळे चूक कुणाला दिसली नाही. समोरचीनं दोष स्वतःलाच दिला. दुसऱ्या दिवसापासून ती बरोबर चारला माझ्या ओट्यावर हजर. पोरगी नाही, काही नाही. मला हवं होतं तेच. पण ती कपाकडे पाहायची नाही, आपल्या बोटांकडे पाहत बसायची.

"हात गेले माहे," चौथ्या दिवशी म्हणाली. "सोल्डरिंग कच्चं राहिलं असन. तुहा पाय तोडला असता मी. त्या पोरीले देऊन टाकतो सामान."

मी म्हटलं, "पंखे मी लावले होते."

तिनं बोटांवरची नजर उचलली. मग म्हणाली, "कसे?"

मी ताटलीत चार बिस्किटं मांडून दाखवलं.

"एकसारखे एका बाजूले?"

"हाव."

"काहून वं?"

"दिसायले बरे दिसत होते."

"अवं, ते तिरपे लावा लागते! एक इकडच्या कोपऱ्यात, त्याचा जोडीदार तिकडच्या!" तिनं बिस्किटं उचलून जागेवर लावली. मग थांबली. "म्हणजे माहं सोल्डरिंग बरोबर होतं."

मला चार शब्द ऐकवेल म्हणून मी वाट पाहत होते. ती उठली, चहा तसाच ठेवला, आणि दहा मिनिटांत तिच्या खिडकीतून सोल्डरिंगचा वास आला.

आता महिन्यातून एकदा काटोलची एसटी. डबी तिच्या कमरेला बांधलेली असते, मला हात लावू देत नाही. माझ्यासाठी तिनं दुसरा एक चष्मा आणलाय, त्यात तिला दिसतं ते मलाही दिसतं. मागच्या वेळी यंत्र झाडांवरून वळलं तेव्हा खाली खुर्चीत एक म्हातारी दिसली, पदर घट्ट धरून बसलेली. मी विचारलं, ही कोण? "तूच हाय," ती म्हणाली. "हलू नको, तुह्या बाजूनं नेतो." आणि नेलं. पदर हलला. मी हलले नाही.

चारचा चहा पुष्कळदा मी एकटीच घेते.

त्या पहिल्या उड्डाणात चार पंखे आणि कॅमेरा गेला. माझ्या नडगीला पाच टाके पडले. मोटरी वाचल्या. आम्ही दोघी वाचलो.