निळ्या दोरीचा पट्टा

सायलीने रायफलचा पट्टा दंडावरून ओढून काढला, जमिनीवर टाकला आणि पायाने बाजूला सारला. मग ती पेरूच्या झाडाखालच्या नळावर गेली. दंड ओला केला, साबण लावला, चोळला, धुतला. पुन्हा साबण लावला. मी मागच्या बाकावर माझा नंबर यायची वाट पाहत बसले होते. तो पट्टा माझा होता.

सर तिला म्हणाले, "अगं, बघून घेत जा की. निळी दोरी दिसली न्हाई का?"

माझ्याकडे बघून नुसते हसले. चूक तिची आहे, तू कशाला वाईट वाटून घेतेस, असं ते हसणं. आजही ते हसणं आठवलं की तोंडाची चव जाते.

हे गेल्या हिवाळ्यातलं. राहात्याजवळ, पेरूच्या बागांना लागून आमचा रायफल क्लब. एक पत्र्याची खोली, पुढे मातीचा बांध, बांधापुढे निशाणं. सर बागायतदार, घरचे खाऊनपिऊन सुखी, नेमबाजी शिकवायची हौस. मुलींना शिकवतात म्हणून गावात त्यांचं नाव. मलाही शाळेतून त्यांनीच निवडून आणलं होतं. त्यांचे उपकार मी सहा महिने डोक्यावर घेऊन नाचले.

रायफलचा पट्टा म्हणजे नुसती खांद्याला अडकवायची वादी नव्हे. पालथं पडून किंवा गुडघ्यावर बसून नेम धरायचा तर पट्टा डाव्या दंडाला करकचून बांधायचा आणि दुसरं टोक रायफलला अडकवायचं. मग रायफलचा भार पट्टा घेतो आणि नेम हलत नाही. नेमबाजीची जाकिटं आमच्यात कुणाकडेच नव्हती. बाही वर सारून उघड्या दंडावरच पट्टा आवळायचा. चामडं घाम पितं आणि हळूहळू त्या दंडाचं होतं.

पहिल्या दिवशी सरांनी पेरूच्या क्रेटमध्ये पट्ट्यांचा ढीग ठेवला आणि म्हणाले, निवडा. आम्ही बाजारात भेंडी निवडावी तसे वाकवून, दाबून पाहिले. जाड पट्टा दंडाला काचतो, पातळ पीळ खातो. मला एक जुना, वापरून मऊ झालेला पट्टा सापडला. बांधला तर जणू मापाने शिवलेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बकलाला निळी नायलॉनची दोरी होती आणि तो दाराशेजारच्या खिळ्यावर एकटा टांगलेला होता. सर म्हणाले, "हा तुझाच. दुसरं कुनी घेनार न्हाई."

मी फुलून गेले. बाकीच्या पोरी रोज ढिगातून मिळेल तो पट्टा घ्यायच्या, रोज भोकं बदलायच्या. मला मात्र माझा पट्टा! घरी आले आणि चपला काढायच्या आधी सांगितलं. आमचे दादा, म्हणजे वडील, बागेतला माल टेम्पोने बाजारात नेतात. त्यांनी शेजारच्या दोन घरांत जाऊन सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिने विचारलं, "बाकीच्या पोरींना बी येगळा दिलाय का?"

"न्हाई. मला एकटीलाच."

आईने भाकरी उलटली. मला तिचा राग आला. माझं कौतुक हिच्या तोंडून कधी म्हणून निघत नाही, असं मनात म्हटलं. तिच्या लहानपणी मळ्यात कामाला गेलं की तिचा पाण्याचा ग्लास वेगळा असायचा, कुंपणाच्या काटीत अडकवलेला, हे तिने मला किती वेळा सांगितलं होतं. मला त्या जुन्या काळाच्या गोष्टी वाटायच्या.

मग सळई. पालथं पडल्यावर डावं कोपर रायफलच्या बरोबर खाली यावं लागतं. जरा बाहेर गेलं की नेम गेला. सर बाकीच्या पोरींचं कोपर हाताने धरून सरकवायचे. माझं कोपर मात्र रायफलची नळी साफ करायच्या सळईने ढकलायचे. तेलकट, गार सळई. घोडेगावच्या बाजारात म्हशीला काठीने जरा सरक म्हणतात, तसं. मी समजत होते, माझ्या बाबतीत सर मर्यादा पाळतात. किती खुळी होते मी.

सायली नळावर दंड चोळत होती तेव्हा हे सगळं एकदम उलगडलं. पट्टा, खिळा, सळई. आणि दोरीचा रंग. आमच्या वस्तीवरच्या झेंड्याचा रंग. तो मुद्दाम निवडला की हाताला लागली ती दोरी बांधली, मला माहीत नाही. दोन्हीची मला सारखीच किळस येते.

गंमत बघा. रायफल मात्र सगळ्यांना एकच होती. माझ्या गालाचा घाम लागलेल्या लाकडी दस्त्यावर सायलीही गाल टेकवायची. रायफल महाग, ती कशी बाटेल? आणि ते पट्ट्याचं चामडं कुणी सोललं, कुणी कमावलं, याची कुणाला शिसारी नव्हती. चामडं चालतं, माझा दंड चालत नाही.

त्या दिवशी सर्वांसमोर नाही, नंतर एकटीला गाठून सर बोलले. आवाजात साखर. "बाळा, मी जातपात मानत न्हाई. पन घामाचा प्रश्न हाय. पोरींचे आई-बाप बोलत्यात. तू आपल्या घरातलीच हायेस, मनाला लावून घेऊ नको."

"सायलीला घाम येत न्हाई का, सर?"

सरांनी विषय बदलला. म्हणाले, रविवारी नगरला जिल्ह्याच्या संघाची निवड आहे, तुझं नाव पाठवतोय, डोकं थंड ठेव. वरून कीर्तन, आतून तमाशा. पण ते नाव मला हवं होतं. जिल्ह्याकडून खेळले की पोलीस भरतीत खेळाडू म्हणून जागा मिळण्याची आशा होती. मला खाकी वर्दी हवी होती, दुसरं काही नाही. सरांना हे पक्कं माहीत होतं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला पयल्या दिवशीच कळलं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू लई खूश हुतीस."

दुसऱ्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी क्लबवर गेले. दोरी दातांनी तोडली. पट्टा क्रेटमध्ये टाकला आणि दोन्ही हातांनी सगळा ढीग भेळ कालवावी तसा कालवला. सगळे पट्टे जुने, सगळे तपकिरी. मग बाजूला उभी राहिले.

पोरी आल्या. खिळा रिकामा. क्रेटजवळ गेल्या आणि थांबल्या. एकीनेही हात घातला नाही. सायलीने सरांना विचारलं, हिचा कुठला? सरांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "मला बी ओळखू येत न्हाई, सर."

खोटं बोलले. डोळे मिटून ओळखला असता. पण त्यांना नाही ना ओळखता आला! इतका बाटलेला पट्टा, आणि दोरी काढल्यावर दुसऱ्या पट्ट्यासारखाच. मी हाताला लागला तो उचलला, दंडाला बांधला आणि चटईवर पालथी पडले. सर सळई घेऊन आले. मी कोपर उचलून धरलं.

"हातानं लावा, सर. सळई नको."

ते सळई घेऊन निघून गेले. त्या दिवशी माझा नेम वाईट लागला. खोटं कशाला सांगू.

शनिवारी सरांनी मला खोलीत बोलावलं. पिशवीतून नवा पट्टा काढला. जाड पण लवचिक, पितळी बकल, कोऱ्या चामड्याचा वास. असा पट्टा आमच्या क्लबात कुणाकडेच नव्हता. माझा हात पुढे गेलासुद्धा. मग बकलाला निळी दोरी दिसली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

"तुलाच आनलाय. उद्या ह्याच्यावर मार, म्हंजे कुनाचंच काय म्हननं न्हाई."

"दोरी काढून ढिगात टाका, सर. मग घेते."

"मग नावाचं बघावं लागंल."

"बघा," मी म्हणाले.

रविवारी माझ्या जागी सायली गेली. नवा पट्टा घेऊन. त्यावरची दोरी तेवढी काढून टाकली होती.

माझं नाव बेशिस्तीमुळे कापलं, असं सरांनी गावात सांगितलं. दादा म्हणाले, सोडून दे. मी सोमवारी पुन्हा क्लबवर गेले. आता पोरी आपापले पट्टे घरून आणतात, पिशवीत झाकून. मी रोज क्रेटमधून उचलते. सर माझ्या कोपराला हात लावत नाहीत, मी सळई लावू देत नाही. माझं कोपर मीच जागेवर आणते.

पुढची निवड आली की मी पुन्हा नाव मागणार आहे. नाही म्हणाले तर नगरच्या मैदानावर जाऊन, सगळ्यांसमोर त्यांना कारण विचारणार आहे. कुणाला माझ्या घामाची किळस आली तर त्याने रांगेतून उठावं. मी उठणार नाही. दोरी बांधलेला पट्टा या दंडावर पुन्हा चढणार नाही.