अक्काच्या काचेवरचे तंतू

अक्का गेली त्याला आता महिना होत आला. सकाळी चहा ठेवून खुर्चीत टेकली, ती टेकलीच... दोनतीनदा हाक मारली तेव्हा मला कळलं. झाशीच्या सिव्हिल लाइन्समधल्या घरात आम्ही दोघं भावंडंच.

मी फौजेत होतो. जवळच्याच बबीन्याच्या छावणीत जीप उलटली, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. दिल्लीतलं संशोधन सोडून अक्का आली ती माझ्यासाठी. इथल्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवू लागली आणि तिथल्याच एका खोलीत तिने छोटी प्रयोगशाळा थाटली. अंड्यातल्या, अजून पुरत्या न घडलेल्या पिल्लाच्या मज्जारज्जूचा कणभर तुकडा ती काचेवर ठेवी, त्याला पोषक द्रव आणि अंगाइतकी ऊब देई आणि त्यातल्या चेतापेशी कशा वाढतात ते पाहत बसे.

एकदा जेवताना मी म्हणालो, "मग माझ्याही पाठीत वाढव की!"

तिने घास खाली ठेवला. "नाही रे, बाळू. कोवळ्या गर्भात होतं ते मोठ्या माणसात होत नाही. खोटी आशा मी तुला दाखवणार नाही."

कित्येक दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिने समजूतही घातली नाही. मग एका सकाळी मला कॉलेजात घेऊन गेली. "भैया, ज़रा सँभलके," म्हणत तिच्या विद्यार्थिनींनी माझी चाकांची खुर्ची उचलून पायऱ्यांवरून वर नेली. सूक्ष्मदर्शकात पाहिलं... करड्या तुकड्यातून केसाहून बारीक तंतू बाहेर निघाले होते. प्रत्येकाच्या टोकाला इवलासा पंजा, वाट चाचपडणारा.

"कुठे निघालेत हे?"

"दुसरी पेशी शोधायला," अक्का म्हणाली. "यांचे फोटो काही मला नीट काढता येत नाहीत. तू शाळेत चित्रं छान काढायचास. येशील रोज?"

गेलो. काल तंतू कुठवर होता, आज कुठे वळला, दुसऱ्या पेशीला कधी जाऊन भिडला, ते काढत राहिलो. बुरशी धरून सगळं मेलं की अक्काच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग मीच म्हणायचो, "चल, नवी अंडी आणू." पाय काही परत आले नाहीत. पण सकाळी उठावंसं वाटू लागलं.

परवा तिच्या विद्यार्थिनीने बोलावलं. नव्या काचेवर तंतू फुटले होते. मी अक्काच्या सूक्ष्मदर्शकाच्या दोन्ही भिंगांना डोळे लावले, तर उजवीकडे स्वच्छ, डावीकडे सगळं धूसर. डावं भिंग अक्काच्या डोळ्याला जुळवलेलं होतं, तसंच राहिलेलं. रोज मी बसलो की तीच ते माझ्यासाठी फिरवून द्यायची.

"भैयाजी, ठीक कर दूँ?" मुलीने हात पुढे केला.

"रहने दो, बेटा," मी म्हणालो आणि डावा डोळा मिटून चित्र काढायला घेतलं.