चंद्रकलाबाईंची तीन आठवड्यांची हमी

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे 'देवराम इलेक्ट्रॉनिक्स' नावाचं दुकान होतं. पाटीवर नाव देवरामचं, गल्ल्यावर देवराम, खिशाला अडकवलेला टेस्टर देवरामचा आणि बाजारपेठेत 'मिस्त्री' म्हणून मान मिळायचा तोही देवरामलाच. दुरुस्ती तेवढी त्याची बायको करायची. चंद्रकला जुन्या साडीच्या पडद्यामागे बसायची, कारण आपला रेडिओ बाईमाणूस उघडणार हे कळल्यावर एक गिऱ्हाईक तो काखोटीला मारून चालतं झालं होतं. त्याच दिवशी देवरामने पडदा लावला.

आता देवरामला काहीच येत नव्हतं असं म्हटलं तर अन्याय होईल. त्याला बोलता यायचं. गिऱ्हाईकाने बिघाड सांगितला की तो डोळे बारीक करून दोनदा "हं, हं" करायचा, वस्तू कानाशी नेऊन हलवायचा आणि "उद्या या" म्हणायचा. मग ती पडद्याखालून आत सरकवायची आणि टपरीवर चहाला जायचं. एवढ्या भांडवलावर माणूस तालुक्यात नाव काढतो, यात देवरामचा दोष कमी आणि तालुक्याचा जास्त.

चंद्रकला सिद्धगडच्या पायथ्याच्या गावची. त्र्याण्णव साली दहावी झाली आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत टेपरेकॉर्डरचे बोर्ड जोडायला लागली. तिथे सगळ्या पोरीच. हे बारीक काम पुरुषांना जमत नाही असं तिथले साहेब म्हणायचे. पगाराचा विषय निघाला की मात्र तेच काम एकदम हलकं व्हायचं. आठ वर्षं ती भिंगाखाली मान घालून झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, करत होती. नवी पोर आली की तिला चंद्रकलाशेजारी बसवायचे. चंद्रकला तिला झाळलेला चांगला टाका दाखवण्याआधी बिघडलेला दाखवायची आणि विचारायची, "सांग, कुठं चुकलंय?" पोरीने बरोबर बोट ठेवलं की हिला दिवसभर हलकं वाटायचं. शेवटी साहेबांनी तिला शिकवणारीची जागा द्यायचं ठरवलं. वेगळी खुर्ची, वेगळं टेबल. पुढच्या महिन्यात कंपनीला तोटा झाला, म्हणजे मालकाने नवी गाडी घेतली आणि दोनशे पोरी घरी बसल्या. ती खुर्ची चंद्रकलाच्या मनातून काही गेली नाही. लग्न झालं, दुकान झालं, रेडिओ जाऊन मोबाईल आले, तरी नाही.

दोन हजार नऊ साली शहापूरहून नवसू आला. त्याचे कॉम्प्युटरचे क्लास होते, त्यामुळे लोक त्याला सर म्हणत आणि तोही स्वतःला सरच म्हणवून घेई. त्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावर उभ्या रेघा येत होत्या, आणि मधूनच तो काळा पडत होता. आतला सगळा बोर्डच बदलावा लागेल, असं मुंबईच्या दुकानात सांगितलं होतं. देवरामने लॅपटॉप कानाशी नेऊन हलवला.

"हं. उद्या या."

चंद्रकलाने तो उघडला. चित्र उमटवणारी चिप सारखी तापून निकामी होत चालली होती. तशा दोन चिपा तिने भंगारातल्या लॅपटॉपवर आधी शेकून पाहिल्या होत्या; दोन्ही तीन आठवडे चालल्या होत्या. तिने बोर्ड बाहेर काढला, चिपेभोवती चंदेरी कागद लावून बाकीचं झाकलं आणि गरम हवेची बंदूक लांबून, गोल गोल, धीराने फिरवली. मग बोर्ड तासभर जागचा हलवला नाही. लॅपटॉप सुरू केला तर पडदा स्वच्छ.

"तीन आठवडे चालंल," ती देवरामला म्हणाली. "शेक दिला म्हणून जागी झालीय, बरी नाय झाली. नवी चिप बसवाया लागंल. त्यांना तसं सांगा."

"सांगतो," देवराम म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी नवसूला एक वर्षाची हमी लिहून दिली.

नवसू हरखून गेला. जे मुंबईला जमलं नाही ते मुरबाडात झालं! त्याने तिथल्या तिथे घोषणा केली, की शहापूरला लॅपटॉप दुरुस्तीचा वर्ग काढायचा आणि शिकवायला देवराम सर. पडद्यामागे चंद्रकलाच्या हातातला चिमटा थांबला. तिला वाटलं, आता तरी हा बोलेल. देवराम खरंच बोलला. म्हणाला, "मंगळवार, गुरुवार जमंल."

संध्याकाळी ती चूल पेटवता पेटवता म्हणाली, "अवो, शिकवाया मी गेले असते."

"तू?" देवरामला खरोखरच आश्चर्य वाटलं. "अगो, तिथं पोरं असनार, सायेब लोक असनार. तुजं काय काम? तू मला आठवडाभर दाखव, मी तिथं सांगतो. दुकानाचंच नाव हाय ना?"

तिला इतका राग आला की भाकरी करपली. पण तिने दाखवलं. शिकवायची हौस अशी, की समोर विद्यार्थी कोण हेही तिने पाहिलं नाही. देवराम आठ दिवस भिंगाशी बसला आणि शब्द मात्र चोख पाठ केले. चिप, फ्लक्स, शेक. बोटांना काही पाठ झालं नाही.

वर्गाचं उद्घाटन झालं तेव्हा लॅपटॉप नेऊन तीन आठवडे आणि दोन दिवस झाले होते. दारावर मोठा बॅनर, त्यावर कानाला मोबाईल लावलेला देवराम आणि खाली 'सुप्रसिद्ध संगणकतज्ज्ञ'. गरम हवेच्या बंदुकीला झेंडूचा हार घातला होता, तसाच देवरामच्या गळ्यातही. नारळ फुटला. चंद्रकलाला पहिल्या रांगेत, बायकांच्या बाजूला बसवलं होतं. सरांच्या मिसेस म्हणून. समोर अठरा पोरं आणि चार पोरी वह्या उघडून बसल्या होत्या. नवसूने वर्गाची माहिती दाखवायला आपला लॅपटॉप सुरू केला, आणि पडद्यावर उभ्या रेघा आल्या.

दुसरा कोणी असता तर खजील झाला असता. नवसूने टाळ्या वाजवल्या. "बघा, योग कसा! आता सर आपल्यासमोर दुरुस्त करून दाखवतील!"

देवरामचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण हार घातलेल्या माणसाला पळताही येत नाही. त्याने बोर्ड काढला, तेवढं त्याला जमत होतं. कागद लावला, तो वाकडा. मग बंदूक पूर्ण आचेवर ठेवून थेट चिपेच्या डोक्यावर धरली आणि धरून ठेवली. शेतकऱ्याचा मुलगा तो. उन्हाळ्यात शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना बघत मोठा झालेला; जमीन जितकी काळीभोर भाजावी तितकं भाताचं रोप जोमाने येतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. चंद्रकलाने आठ दिवसांत तीनदा बजावलं होतं, की हा राब नाही. पण भर सभेत माणसाला शिकवलेलं आठवत नाही, मुरलेलंच आठवतं.

चंद्रकलाला बसवेना. नवऱ्याची अब्रू जातेय याची तिला तितकी काळजी नव्हती. ती त्याने स्वतःच्या हाताने बॅनरवर टांगली होती. तिला बोर्ड दिसत होता. अजून वाचण्यासारखा होता. करपल्याचा वास तिच्यापर्यंत आला तेव्हा ती बसल्या जागी पुढे सरकली.

"ये गो जरा," देवराम तिच्याकडे न बघता म्हणाला. "धर हे."

दुकानात तो नेहमी असंच म्हणायचा. धर म्हणजे कर. ती उठली, बंदूक काढून घेतली, बंद केली आणि बोर्डावर वाकली. चिपेखाली बोर्ड फुगून वर आला होता.

"मेला," ती म्हणाली.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "बाईचा हात लागला नि गेला बघा." आणि नवसू, लॅपटॉप ज्याचा होता तोच नवसू, समजूतदारपणे म्हणाला, "वहिनी, सर करत होते ना? मधे कशाला उठलात?"

देवराम हार सरळ करत राहिला.

चंद्रकलाने बोर्ड उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला.

"माजा हात लागला तवा हा मेलेलाच होता. तीन आठवड्यांमागं लागला होता, म्हनून तीन आठवडे जगला. तीन आठवडेच चालंल असं मी सांगितलेलं. वर्षाची हमी मी नाय दिली. देवराम इलेक्ट्रॉनिक्समधी आठ वर्षांत जे काय दुरुस्त झालं ते मी केलंय. विचारा त्यांना."

सगळ्या माना देवरामकडे वळल्या. आयुष्यभर बोलण्यावर जगलेला माणूस तो. चंद्रकला त्याच्याकडे बघत राहिली. तो आता काहीतरी फिरवून सांगेल आणि सगळे हसून मोकळे होतील, याची तिला भीती वाटत होती. त्याने गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"खरं हाय," तो म्हणाला. "मला नाय येत."

नवसूचं तोंड उघडंच राहिलं. त्याला लॅपटॉपचं दुःख होतं, की छापून झालेल्या बॅनरचं, हे सांगणं अवघड आहे. "मग माझं सगळं काम? यातलं?"

"ते डिस्कवर हाय. ती चांगली हाय, दुसऱ्यात लावून देते," चंद्रकला म्हणाली.

"आणि वर्ग कोण घेणार?"

तिने टेबलामागची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. पिशवीतून भिंग काढलं, करपलेला बोर्ड टेबलाच्या मधोमध ठेवला आणि समोर पाहिलं.

"पोरीनो, पुढं या. पोरं पन या. नीट बघा आनि सांगा, कुठं चुकलंय?"

बावीस जण टेबलाभोवती जमले. देवराम कोणाची तरी वही मागून घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसला.