गडावरच्या देवीचा मुखवटा

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत मिळून माझी पोलिसातली बरीच नोकरी झाली. खून, दरोडे, सगळे हाताळले. पण निवृत्तीनंतर कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटले, की मला आधी आठवतो तो सातपुड्यातला गड आणि तिथल्या देवीचा चांदीचा मुखवटा.

गड मध्ययुगातला. तीन दरवाजे ओलांडून गेलात की माथ्यावर अजूनही नांदते गाव आहे. घरे थोडी. उतारावर झेंडूचे वाफे आणि मधोमध जुना तलाव. तलावात परीस आहे, हत्तीच्या पायातली लोखंडी साखळी तिथे सोन्याची झाली, अशी आख्यायिका. ती सांगावी पुजारी घराण्यातल्या थोरल्याने. तो पर्यटकांना गड दाखवत असे. त्याची गोष्ट संपेपर्यंत शिकलेसवरलेले पाहुणे गाडीची किल्ली पाण्यात बुडवून बघत. त्याचा धाकटा चुलतभाऊही गड दाखवायचा, तीच गोष्ट सांगायचा. त्याच्या वेळी कोणी तलावाकडे वाकूनही पाहत नसे.

जत्रा तोंडावर असताना सकाळी ठाण्यात फोन आला: मुखवटा गेला. स्टेशन डायरीला नोंद करून मी जमादाराला घेऊन वर गेलो. मंदिराचे कुलूप शाबूत होते. किल्ली थोरल्याच्या घरी खुंटीला असायची. मूर्तीच्या उघड्या तोंडावर मात्र कोरे हिरवे कापड बांधलेले होते, गाठ जपून मारलेली. चोर घाईत असतो, तो गाठी मारत बसत नाही. मी ते पंचनाम्यात घालायला लावले, पण त्याचा अर्थ लागला नाही.

पंचनामा चालू असताना धाकट्याने मला झेंडूच्या वाफ्याकडे बोलावून नेले.

"साहेब, मायं नाव नका घेऊ. पण पहाटे दादाले मंदिरातून निघताना पाह्यलं म्या. हातात पिशवी होती."

"तो काहून नेईल?"

"मोठेपणा लय वाढला ना त्याचा! पाव्हणे आले की दादा कुठी हाय, फोटोत दादा, मोबाईलच्या व्हिडिओत दादा. आमी काय धोंडे हावो?"

मी म्हटले, "मी चोरीचं विचारलं, व्हिडिओचं नाही."

खबर आणि किल्ली, दोन्ही थोरल्याकडे बोट दाखवत होती. त्याला खाली ठाण्यात आणले. अटक दाखवली असती तर चोवीस तासांत कोर्टासमोर उभे करावे लागले असते, आणि मग जत्रेत पालखीपुढे चालण्याचा त्याचा मान कायमचा गेला असता. गावातले पंच तसे बोलूनही गेले होते. मान जाणार होता तो धाकट्याकडे.

दिवसभर विचारपूस केली. आवाज चढवून केली, शांतपणे केली. "म्या नाही केलं साहेब" यापलीकडे तो गेला नाही. संध्याकाळी मेसमधून भाकरी-पिठले आले. त्याने ते पोटभर खाल्ले आणि आणखी एक भाकरी मागितली. जमादार भडकला.

"काबे, तुयी देवी गेली अन् तू भाकरी हाणून राहिला? लाज हाय का?"

थोरल्याने हात थांबवला. "जमादारसाहेब, मुखवटा म्या उतरवला असता तं खाल्ली असती का?"

"म्हणजे?" मी विचारले.

"आमच्या घराण्यात तसंच हाय साहेब. सालातून एकदा उजळायसाठी मुखवटा उतरवतो. देवीचं तोंड उघडं ठेवत नाही, कोरं कापड बांधतो. अन् ज्याच्या हातानं उतरला, त्यानं तो परत चढेपर्यंत अन्न घ्यायचं नाही. पाणी चालते, बिनदुधाचा काया चहा चालते."

हिरव्या कापडाचा अर्थ आता लागला. चोर घराण्यातलाच, खुंटीवरची किल्ली सहज उचलू शकणारा होता, आणि कुठेतरी उपाशी बसला होता.

दुसऱ्या दिवशी जबाब नोंदवायचा म्हणून धाकट्याला बोलावले. टेबलावर गरम आलूबोंडे मागवून ठेवले. त्याचे ओठ सुकलेले होते.

"घे."

"नको साहेब. उपास हाय."

"कशाचा?"

"मंगळवारचा."

जमादार म्हणाला, "आज गुरुवार हाय लेका. तुया मंगळवार दोन दिवस मागून येते काय?"

मी प्लेट त्याच्याकडे सरकवली. "मुखवटा परत चढला की जेवशील ना?"

तो टेबलावर डोके ठेवून रडला. "चांदी नोहती पायजे मले साहेब. एक साल पालखीपुढं मी चालतो अन् लोकं मले पाहतात, एवढंच."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. वस्तू मिळावी लागते. दोन पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. माळ्यावर, पाटावर मुखवटा होता. समोर दिवा तेवत होता.

थोरल्याला सोडले. पण मुखवटा आता मुद्देमाल होता. कोर्टाच्या हुकुमाशिवाय मंदिरात जाणार नव्हता. धाकटा कोठडीत ताट परत करत राहिला. मुखवटा परत ताब्यात मिळावा म्हणून मंदिराच्या वतीने सुपुर्दनाम्याचा अर्ज घेऊन वकिलाच्या आणि कोर्टाच्या दारात धावला तो थोरलाच. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "साहेब, तुमचा रिपोर्ट लवकर द्या. थो उपाशी हाय."

जत्रेच्या आदल्या दुपारी मुखवटा चढला. मी स्वतः ताट घेऊन कोठडीपाशी गेलो. "जेव आता. तुझ्या दादानं धावपळ करून चढवला."

त्याने घास उचलला होता, तो खाली ठेवला. "थेबी त्यानंच केलं काय?" मग म्हणाला, "आता साऱ्या गावात त्याचंच नाव चालू असन." आणि भिंतीकडे तोंड करून जेवला.

तेव्हापासून कोणाचे नाव घेऊन येणाऱ्या प्रत्येक खबऱ्याला मी आधी विचारत असे, तो तुझा कोण लागतो? परक्याचा हेवा कोणी एवढा जपत नाही. आणि एक गोष्ट मी तिथेच शिकलो. भाऊ चोर ठरला असता तर धाकट्याचा हेवा कदाचित निवला असता. भाऊ चांगला निघाला, म्हणून हेवा तसाच राहिला.