पहिल्या आखाजीचे मांडे

लोणखेड्याच्या ममताबाईंच्या डोक्याला लागलं ते दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, आणि तेव्हा त्यांच्या मांडीवर पुरणाचं पातेलं होतं. शहाद्याला एका साखरपुड्याचे मांडे करायला त्या नवऱ्याच्या, गिरधरभाऊंच्या मागे मोटरसायकलवर एका बाजूला पाय सोडून निघाल्या होत्या. कॉलेजपुढे नवा गतिरोधक झाला होता, त्याला पांढरे पट्टे अजून मारलेले नव्हते. गाडी उडाली. हलकी झालेली गाडी घेऊन गिरधरभाऊ पंधरा-वीस पावलं पुढे गेले, तेव्हा कुठे त्यांना कळलं की मागे कोणी नाही. ममताबाईंनी पडतानाही पातेलं सोडलं नव्हतं. पुरण वाचलं, डोकं रस्त्यावर आपटलं.

मांडा म्हणजे हातावरची पुरणपोळी. पोळपाट नाही, लाटणं नाही. पुरण भरलेला उंडा तळहातांवर थापायचा, मग दोन्ही हातांवर कोपरापर्यंत उलटापालटा खेळवत परातीएवढा करायचा आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. डोळा क्षणभर दुसरीकडे गेला की पोळी फाटते. ममताबाई लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूकडून, कौसाबाईंकडून हे शिकल्या. पुढे कौसाबाईंचे खांदे धरले, हात वर जाईनात, आणि घरातलं खापर सुनेकडे आलं. गावात कुणाकडे लग्न निघालं की पहिला निरोप ममताबाईंना.

स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहे, मेंदूला नुसता हादरा बसलाय, आराम करा. गिरधरभाऊंनी ती काळी फिल्म जो येईल त्याला उजेडाकडे धरून दाखवली. जणू ती पाहिली की बायको बरी असल्याचं सगळ्यांना पटणार होतं आणि त्यांनाही.

पण ममताबाईंना मिक्सरचा आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा लागे. ट्यूबलाइटखाली बसवत नसे. अंथरुणात कूस बदलली की छत फिरायचं. फोडणीच्या वासाने ओकारी यायची. एकदा वरणात दोनदा मीठ पडलं, तेव्हा सगळे हसले. पण एके दुपारी तांब्याकडे बोट दाखवून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या, "ते द्या... ते, पाण्याचं..." आणि शब्द काही सापडला नाही, तेव्हा कोणी हसलं नाही. कौसाबाईंनी तांब्या हातात दिला आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघर आपल्याकडे घेतलं. वय बहात्तर.

मागच्या खोलीत कांदे ठेवत. ते हलवून तिथे ममताबाईंची खाट टाकली, खिडकीवर गोणपाट लावलं. मात्र अंधार मिळाला तरी शांतता कुठली? आपल्याकडे माणूस पडलं की त्याला बघायला जावं लागतं. नाही गेलं तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. गाड्या भरून माणसं आली. प्रत्येकाने बिस्किटाचा पुडा दिला आणि खाटेशेजारी तासभर बसून आपापल्या ओळखीत कोण डोक्यावर पडलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगितलं. चहाच्या कपबश्या वाजत राहिल्या. माणसं गेली की ममताबाई भिंतीकडे तोंड करून रडत.

पाचव्या दिवशी कौसाबाई अडकित्ता घेऊन ओट्यावर दारातच बसल्या.

"कशी शे ममता?" आलेल्या बाईने विचारलं.

"झोपेल शे. जे सांगनं व्हई ते माले सांग, मी तिले सांगसू."

"तोंड ते पाहू दे."

"तोंड जसं व्हतं तसंच शे. बस, चहा ले."

महिनाभर त्यांनी सुनेच्या नावाने सगळ्या भेटी घेतल्या. दुपारी सुनेच्या तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासताना त्या हळू आवाजात हिशोब सांगत. "प्रकाशा गावनी मावशी उनी व्हती. तुन्हं काही इचारं नही तिनी. सोतानाच गुडघा सांगत बसनी." ममताबाई अंधारात हसायच्या. हसलं तरी डोकं दुखायचं, पण ते दुखणं त्यांना चालायचं.

असे तीन महिने गेले. बरं वाटेना. गिरधरभाऊ फिल्म दाखवायचे थांबले. शेतावरून आले की दारात चपला काढून अनवाणी, पाय न वाजवता येत आणि खाटेच्या कडेला बसून राहत. मोटरसायकल त्यांनी त्या सोमवारनंतर घरापर्यंत चालवत आणलीच नव्हती. गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणत. आवाज नको म्हणून, असं ते सांगत.

फेब्रुवारीत सुरतेहून मुलीचा, रोहिणीचा फोन आला. मागच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, आणि पहिल्या आखाजीचं कौतुक काही औरच.

"आई, मन्ही सासू आख्खी सोसायटीले सांगी ऱ्हायनी, आम्हनी विहीण हातवर मांडा करस म्हनी. पण तू काही करू नको हं. आपन इकतना लयसूत."

विकतचे! ममताबाईंनी फोन ठेवला, बराच वेळ गोणपाटाकडे पाहिलं आणि संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "माले दुसरा डॉक्टरकडे लई चला."

नंदुरबारच्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि माणूस तपासलं. डोळ्यांपुढे बोट फिरवलं, मान वळवून पाहिली, एका रेषेत पावलं टाकायला लावली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही नाटक करत नाही आणि तुम्हाला वेडही लागलेलं नाही. असं काहींचं लांबतं. पण आता अंधारात पडून राहणं पुरे. आता थोडं थोडं वापरून बरं व्हायचं." घरात कोणी उघडपणे नाटक म्हटलं नव्हतं, वेडही म्हटलं नव्हतं. तरी ते दोन शब्द डॉक्टरांनी उचलून बाहेर टाकले तेव्हा ममताबाईंनी ते वाक्य त्यांना परत एकदा म्हणायला लावलं.

झोपेची वेळ, पाणी, डोकेदुखीची एक गोळी, आणि शहाद्यात औषधाच्या दुकानावरच्या माडीवर बसणारी फिजिओथेरपिस्ट, एवढं लिहून मिळालं. तिचं नाव संध्या. धडगावकडच्या डोंगरातली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, आवाज मुळातच हळू.

"मावशी, कानाच्या आत तोल सांभाळणारी एक जागा असते," तिने सांगितलं. "ती, डोळे आणि मान, या तिघांची बोलचाल बंद झालीय. ती पुन्हा सुरू करून द्यायची. हे बघा, अंगठा समोर धरा. नजर नखावर. आता मान डावीकडे, उजवीकडे. नजर हलू द्यायची नाही."

आठ वेळा मान फिरवली आणि ममताबाईंनी डोळे मिटले.

"दहापैकी किती त्रास होतोय?"

आकड्यात सांगणं ममताबाईंना जमेना. त्या म्हणाल्या, "उकळी नाही आली अजून. पण झाकण वाजायला लागलं."

संध्या हसली आणि वहीत पाच लिहिलं. "झाकण वाजलं की थांबायचं. उकळी येईपर्यंत करायचं नाही आणि भांडं चुलीवरून उतरवून ठेवायचं पण नाही. उद्या परत. तुम्हाला काय करता यायला हवंय?"

"मांडे. आखाजीला."

संध्याने पेन खाली ठेवलं. "आमच्या घरी नाही होत मांडा. तळोद्याच्या वसतिगृहात असताना कुणाच्या तरी आईने आणले होते. मला वाटलं, एवढा मोठा रुमाल कशाला वाढतायत! दाखवा बरं कसा करतात तो."

ममताबाईंनी रिकामे हात हवेत फिरवले. संध्या त्यांचे डोळे पाहत होती, हात नाही. "अहो, हाच तर व्यायाम आहे," ती म्हणाली. "आधी रिकाम्या हाताने. मग ओला नॅपकिन घेऊन. पीठ एवढ्यात नाही."

तर मार्चच्या एका सकाळी कौसाबाई दूध तापवून मागे गेल्या आणि दारातच थबकल्या. सून भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तोंडाने आकडे मोजत एक ओला नॅपकिन हातांवर उलटापालटा करत होती. मग तिने तो अगदी जपून उशीवर पसरला.

कौसाबाई तशाच अंगणात धावल्या. "गिरधर, हिनं डोकं गयं रे! वल्ला नॅपकिनना मांडा करी ऱ्हायनी! उशीवर शेकी ऱ्हायनी!"

"माय, ती कसरत शे. डॉक्टरीणबाईनी सांगेल शे."

कौसाबाईंना पटायला वेळ लागला. पदराने डोळे पुसून त्या परत आत गेल्या, खाटेवर बसल्या, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग कोपर का बरं बाहेर काढस? असं शिकाडं व्हतं का मी तुले?"

तेव्हापासून रोज सकाळी सासू खाटेवर आणि सून भिंतीशी. कौसाबाईंचे हात खांद्याच्या वर जात नव्हते, पण जीभ शाबूत होती. नॅपकिन खाली पडला की त्या म्हणत, "फाटना. पाव्हना उपाशी गया." ममताबाईंनी भिंत सोडली. खिडकीचं गोणपाट आधी अर्धं, मग पूर्ण निघालं. एके दिवशी त्यांनी सहज "बाई, तांब्या द्या" म्हटलं, आणि कौसाबाईंनी तांब्या देताना तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग एप्रिलच्या सुरुवातीला, घरात कोणी नाही असं पाहून, ममताबाईंनी खरं पीठ भिजवलं. पहिला मांडा फाटला. दुसरा बरा झाला. बरा झाला म्हणून तिसरा, आणि आता जमतंय म्हणून चौथा. बाहेर कुणाच्या तरी वरातीचा डीजे सुरू झाला होता, चूल धुमसत होती, झाकण केव्हाच वाजून गेलं होतं. सातवा हातावर असताना त्यांनी चुलीजवळच भिंत धरली आणि खाली बसल्या. पुढचे तीन दिवस पुन्हा गोणपाट, पुन्हा ओकाऱ्या.

त्या खाटेवरूनच त्यांनी अंगणातलं गिरधरभाऊंचं फोनवरचं बोलणं ऐकलं. शहाद्याच्या एका बाईंना ते सांगत होते, "पंचवीस मांडा लागतीन. आखाजीना दिवस, सकायमाच."

ते आत आले तेव्हा ममताबाई जाग्या होत्या. "ऐकं मी सगळं," त्या म्हणाल्या.

गिरधरभाऊ खाटेच्या कडेला बसले. त्यांना बोलायची सवय नव्हती. चादर सारखी करत म्हणाले, "त्या दिवशी मी मांगे पाहं नही. पंधरा पावलं, ममता. माले वाटे गाडी चांगली पळी ऱ्हायनी." आणि मग, "माले मांडा नको. तू पाहिजे."

ममताबाईंनी त्यांचा हात धरला. ऑर्डर रद्द करा, असं काही म्हटलं नाही.

शहाद्याला माडीवर हे सांगितलं तेव्हा संध्याने रागावण्याऐवजी विचारलं, "किती केलेत?"

"सात."

"कितव्याला झाकण वाजलं?"

ममताबाईंनी बोटं मोजली. मग म्हणाल्या, "तिसऱ्याला."

"मग तुम्हाला तीन येतात," संध्या म्हणाली. "फेब्रुवारीत एक नॅपकिन येत नव्हता."

हे ममताबाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या जन्मभर वीस, चाळीस असं मोजत आल्या होत्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी गिरधरभाऊ रोहिणीला बसस्टँडवरून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शहाद्याहून पंचवीस मांडे घडी घालून, कापडात बांधून आले. ते गिरधरभाऊंनी मुकाट्याने फडताळात ठेवले आणि मग निंबाच्या सावलीत चूल मांडली. धूर होऊ नये म्हणून कापसाच्या कडकडीत वाळलेल्या पऱ्हाट्या आणल्या. ऊन डोळ्यावर येईल त्या बाजूला केळीच्या रोपांवरची हिरवी जाळी बांधली. शेजारच्या पोरींना आखाजीची झोक्यावरची गाणी आज लांब जाऊन म्हणायला सांगितलं. कौसाबाई अडकित्ता घेऊन फाटकापाशी बसल्या.

ममताबाईंनी पाच उंडे केले. पाण्याचा हात लावला, पहिला उचलला, नजर त्याच्यावर ठेवली. मांडा हातावर वाढू लागला आणि कडेला फाटला.

"पाव्हना उपाशी," फाटकापासून आवाज आला.

दुसरा खापरावर नीट बसला. तिसरा हातावर फिरताना इतका पातळ झाला की त्याच्यातून निंबाची पानं दिसत होती. तो खापरावर पडला, फुगला, त्याला ठिपके आले. आवाज करायचा नाही असं रोहिणीला बजावलेलं होतं. पण तिने आईच्या दंडाला नुसतं बोट लावलं.

चौथ्या उंड्यासाठी हात पुढे गेला आणि ममताबाईंना कपाळाच्या आत, डावीकडे, झाकण हललेलं कळलं. हात परातीच्या काठावर थांबला. दोन उंडे राहिले होते. फक्त दोन.

त्यांनी ओलं फडकं पिळलं आणि उंड्यांवर झाकलं. "पुरे," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या पायांनी, भिंत न धरता मागच्या खोलीत गेल्या.

थोड्या वेळाने रोहिणी आत आली. ताटात तिसरा मांडा, वाटीत आमरस. ती खाटेच्या कडेला बसली आणि आवाज न करता खाऊ लागली. ओळखीत कुणाला काय झालं होतं ते तिने सांगितलं नाही, कसं वाटतंय तेही विचारलं नाही. अर्धा मांडा झाल्यावर एक घास तिने आईच्या तोंडाजवळ नेला. ममताबाईंनी डोळे मिटूनच तो खाल्ला. पुरणात वेलची थोडी जास्त झाली होती. ती त्यांना कळली, आणि तो वास नकोसा वाटला नाही.

बाहेर कुणी तरी आखाजीला भेटायला आलं होतं. "झोपेल शे," कौसाबाई सांगत होत्या. "बस. मांडा खाय. शहादाना शेतस, पण चांगला शेतस."

मग भांडी आवरायला उठलेल्या नातीला त्यांनी हाक मारली.

"रोहिणी, त्या दोन उंडासले हात लावू नको. त्या तुन्ही मायना शेतस. संध्याकायले करी ती."